ऊर्जा उद्योगातील नोकरीची तयारी करून घेणारी एक सेवा : काय घ्यावे, काय सोडावे

तेल व वायू, औष्णिक आणि जलविद्युत, पवन, सौर, वीज-पारेषण आणि अलीकडे बॅटरी साठवण अशा ऊर्जा उद्योगाच्या जवळजवळ सर्व शाखांतील नोकऱ्यांसाठी उमेदवारांची तयारी करून घेणारी एक सशुल्क ऑनलाइन सेवा मी सहामाही सभासदत्व घेऊन पुरेपूर वापरली. तिचे हे परीक्षण. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तिच्या काही भागांविषयी मला कडक लिहावे लागणार आहे आणि ते त्याच आराखड्याच्या इतर सेवांनाही बहुतांशी लागू आहे. अशा सेवेतला कोणता भाग पैसे टाकण्याजोगा असतो आणि कोणता नसतो, हे कळणे वाचकाच्या अधिक उपयोगाचे. माझी पार्श्वभूमी मात्र सांगायला हवी. मी यांत्रिकी शाखेची अभियंता आहे. प्रक्रिया उद्योगात पंप आणि कंप्रेसर यांच्या देखभालीचे काम केले आहे, आणि तेथून गॅस टर्बाइन किंवा पवनचक्क्यांच्या देखभालीकडे वळण्याचा माझा विचार होता. नुकतीच पदवी किंवा पदविका घेतलेल्या उमेदवाराला हीच सेवा काही ठिकाणी वेगळी भासेल. जेथे तसे वाटले तेथे मी नोंद केली आहे.

मत आधीच सांगते. मुलाखतीची तयारी करून घेणारी म्हणून ही सेवा उत्तम आहे, आणि तिचा सुरक्षाविषयक भाग तर मी पाहिलेल्या अशा साहित्यात सर्वांत चांगला आहे. नोकरी शोधून देणारी म्हणून मात्र ती सामान्य आहे. तिची जाहिरात नेमका याच्या उलट क्रम लावते.

सभासद झाल्यावर प्रथम एक लांबलचक प्रश्नावली भरावी लागते. उंचीवर काम करता येईल का, रात्रपाळी चालेल का, बंदिस्त टाकीत उतरण्याची भीती वाटते का, सलग काही आठवडे घरापासून दूर राहता येईल का, असे प्रश्न त्यात आहेत. ते वरवर साधे वाटतात, पण या उद्योगात नोकरी टिकण्या-न टिकण्याचा निकाल पुष्कळदा त्यांवरच लागतो. समुद्रातील तेल-फलाटावर बारा तासांची पाळी आणि दोन, तीन किंवा चार आठवडे काम व त्यानंतर तितकीच सुटी, अशी पद्धत असते. पवनचक्कीच्या तंत्रज्ञाला ऐंशी-शंभर मीटर उंचीवरील नॅसेलमध्ये (मनोऱ्याच्या माथ्यावरील यंत्रकक्षात) अवजारे घेऊन काम करावे लागते. पारेषणाच्या नियंत्रण कक्षात शरीराला श्रम नसतात, पण सणवार न पाहता चोवीस तास कोणीतरी जागे असावे लागते. प्रश्नावली हे सर्व विचारते, आणि मग उत्तरांवरून ‘तुम्ही पवनऊर्जेला इतके टक्के योग्य, तेल व वायूला इतके टक्के योग्य’ असा तक्ता काढून देते. टक्केवारी कशी काढली याचे स्पष्टीकरण कोठेही नाही. मी एकच उत्तर बदलून पुन्हा भरून पाहिले, तेव्हा क्रम बराच बदलला. प्रश्नावली स्वतःपुरता विचार करण्यासाठी अवश्य भरावी. तक्त्याकडे दुर्लक्ष करावे.

याच सुरुवातीच्या भागात उद्योगातील चढउतारांवर एक धडा आहे, आणि तो प्रामाणिक आहे. २०१४च्या मध्यापर्यंत पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेले कच्चे तेल २०१६च्या आरंभी तीस डॉलरच्या खाली कसे गेले, २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतील डब्ल्यूटीआय या प्रमाण मानल्या जाणाऱ्या तेलाच्या वायद्याचा भाव उणे ३७.६३ डॉलरवर कसा बंद झाला, आणि अशा वेळी पहिली कात्री कोठे लागते, हे त्यात नीट सांगितले आहे. भाव पडले की संशोधन, नवे खोदकाम आणि नवे प्रकल्प थांबतात. चालू असलेले संयंत्र मात्र चालूच ठेवावे लागते, त्यामुळे परिचालन आणि देखभालीतील माणसे तुलनेने उशिरा हलतात. नोकरीच्या जाहिरातीतील पगाराचा आकडा पाहून शाखा निवडणाऱ्या नव्या उमेदवाराने हा एक धडा तरी पूर्ण पाहावा.

सीव्हीच्या विभागात दोन वेगळ्या गोष्टी एकाच शीर्षकाखाली विकल्या आहेत. पहिली म्हणजे प्रत्यक्ष माणसाने केलेली तपासणी. माझा सीव्ही तपासणाऱ्या परीक्षकांनी फार मार्मिक प्रश्न विचारले. ‘कंप्रेसरच्या देखभालीची जबाबदारी सांभाळली’ या माझ्या वाक्यावर त्यांची टीप अशी होती : कंप्रेसर कोणत्या प्रकारचा, किती दाबाचा, किती किलोवॉटच्या मोटारीवर चालणारा, आणि तुम्ही स्वतः काय केले? उघडून बसवला, की बाहेरच्या पथकावर देखरेख केली, की फक्त कंपनाची नोंद घेतली? या उद्योगात सीव्ही वाचणारा माणूस बहुधा स्वतः त्या यंत्रासमोर उभा राहिलेला असतो. त्याला ‘सांघिक वृत्ती’ आणि ‘ध्येयनिष्ठा’ यांपेक्षा व्होल्टेजची पातळी, मेगावॉटची क्षमता, यंत्राचा प्रकार आणि तुमच्या हातचे काम या चार गोष्टी हव्या असतात. पदविकाधारक उमेदवाराकडे अनुभव नसतो, तेव्हा प्रशिक्षणकाळात पाहिलेल्या एखाद्या सबस्टेशनचे किंवा बॉयलरचे नेमके वर्णन कसे लिहावे याचेही चांगले नमुने येथे आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे यंत्राने दिलेले गुण. सीव्ही चढवला की संगणक त्याला शंभरपैकी गुण देतो आणि जाहिरातीतील कोणते शब्द त्यात नाहीत ते दाखवतो. काही प्रमाणात याचा उपयोग आहे, कारण मोठ्या कंपन्यांत अर्जांची पहिली चाळणी बऱ्याचदा संगणकच करतो. पण ही सुविधा ‘स्काडा’ (दूरवरून देखरेख व नियंत्रण करणारी संगणक यंत्रणा), ‘पीएलसी प्रोग्रॅमिंग’ (यंत्र चालवणाऱ्या नियंत्रकाची आज्ञावली), ‘मूळ कारण विश्लेषण’ असे शब्द केवळ घातल्याबद्दल गुण वाढवते. ते काम उमेदवाराने केले आहे की नाही याची विचारणाही करत नाही. प्रयोग म्हणून मी न केलेल्या दोन कामांचे शब्द घातले, तर गुण लगेच वर गेले. ऊर्जा उद्योगात हे केवळ अप्रामाणिक नाही, अंगाशी येणारे आहे. संरक्षक रिलेची (बिघाड होताच वीजपुरवठा तोडायला लावणाऱ्या उपकरणाची) सेटिंग तपासल्याचे सीव्हीत लिहिणाऱ्याला मुलाखतीत त्याच रिलेविषयी तीन प्रश्न विचारले जातात, आणि तिसऱ्या प्रश्नावर सगळे उघडे पडते. माणसाची तपासणी आणि यंत्राचे गुण यांत विरोध आला तर माणसाचे ऐकावे, एवढी एक सूचना सेवेने स्वतःहून द्यायला हवी होती.

तांत्रिक विषयांचे धडे हा सेवेचा सर्वांत मोठा विभाग आहे, आणि त्याची गुणवत्ता शाखेगणिक बदलते. पवन आणि सौर हे विभाग भक्कम आहेत. त्यांत पाठांतरापेक्षा गणितावर भर आहे, आणि तो योग्य आहे, कारण मुलाखतीत छोटी तोंडी गणिते हमखास विचारली जातात. उदाहरणार्थ, २ मेगावॉटची पवनचक्की ३० टक्के क्षमता-वापर घटकाने (म्हणजे पूर्ण क्षमतेने होऊ शकणाऱ्या निर्मितीच्या ३० टक्के निर्मिती करत) वर्षभर चालली तर किती वीज निर्माण होईल? वर्षाचे ८,७६० तास धरले तर उत्तर ५,२५६ मेगावॉट-तास येते. हे गणित अवघड नाही, परंतु मेगावॉट (क्षमता) आणि मेगावॉट-तास (निर्माण झालेली वीज) यांत गल्लत करणारा उमेदवार येथेच बाद होतो. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वेग सेकंदाला १० मीटरवरून १२ मीटर झाला की उपलब्ध शक्ती सुमारे ७३ टक्क्यांनी वाढते. आणि कितीही चांगले पाते बनवले तरी वाऱ्यातील शक्तीचा १६/२७ म्हणजे सुमारे ५९.३ टक्के हिस्साच जास्तीत जास्त काढता येतो, ही बेट्झची मर्यादा. दोन्ही मुद्दे आकृत्यांसह समजावले आहेत, आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘मग निर्धारित वेगाच्या पुढे पाते का वळवतात?’ असा एक पाऊल पुढचा प्रश्न ठेवला आहे.

सौर विभागातील तापमानाचे उदाहरणही असेच उपयोगी आहे. सौर पॅनेलवर छापलेली क्षमता प्रति चौरस मीटर १,००० वॉट प्रकाश आणि २५ अंश सेल्सिअस घटक-तापमान या प्रमाणित स्थितीत मोजलेली असते. प्रत्यक्ष उन्हात घटकाचे तापमान ६५ अंशांपर्यंत गेले आणि पॅनेलचा तापमान-गुणांक अंशामागे उणे ०.३५ टक्के असला, तर केवळ उष्णतेने उत्पादन सुमारे १४ टक्क्यांनी घटते. भर दुपारी पॅनेल छापील क्षमतेइतकी वीज का देत नाहीत, या प्रश्नाला ‘धूळ असेल’ एवढेच उत्तर देणारा आणि हा हिशेब मांडणारा, या दोघांत निवड करणे कोणत्याही मुलाखतकाराला सोपे जाते.

पारेषणाचा विभाग छोटा आहे, तरी त्यातील एक प्रकरण फार नेटके झाले आहे. ९ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रिटनमध्ये वीज-वाहिनीवर आकाशातील वीज पडली. त्यानंतर काही क्षणांतच हॉर्नसी येथील समुद्री पवनऊर्जा प्रकल्प आणि लिटल बारफर्ड येथील वायू-वीजकेंद्र या दोन्हींची निर्मिती गळाली. वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची वारंवारता ४८.८ हर्ट्झपर्यंत खाली आली आणि स्वयंचलित यंत्रणेने सुमारे दहा लाख ग्राहकांचा पुरवठा तोडून उरलेली ग्रिड म्हणजे वीजजाळे वाचवले. ग्रिड काही मिनिटांत सावरली, पण अनेक आगगाड्या मात्र तासन्‌तास अडकून पडल्या. सेवेने या एका घटनेतून जडत्व (फिरत्या यंत्रांमुळे वारंवारता एकदम न घसरणे), राखीव निर्मिती, भारकपात (काही ग्राहकांचा पुरवठा तोडणे) आणि ‘एक घटक गेला तरी यंत्रणा टिकली पाहिजे’ हे नियोजनाचे सूत्र अशा चार संकल्पना उलगडल्या आहेत. ज्या उमेदवाराला व्याख्या पाठ आहेत पण त्या एकमेकींशी जोडता येत नाहीत, त्याने हा धडा दोनदा पाहावा.

जलविद्युत, भू-औष्णिक आणि अणुऊर्जा यांची बोळवण मात्र एकेका ध्वनिचित्रफितीत केली आहे. त्या शाखांकडे जाऊ इच्छिणाऱ्याने या सेवेवर विसंबू नये. गॅस टर्बाइनचा विभाग, ज्यासाठी मी मुख्यतः आले होते, तो मध्यम दर्जाचा आहे : गॅस टर्बाइनच्या तप्त धुरावर वाफेचा टर्बाइनही चालवणाऱ्या संयुक्त-चक्र केंद्राची कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या वर कशी जाते हे सांगितले आहे, पण ज्वलनकक्षाची तपासणी, पात्यांवरील लेपाची झीज, बोरोस्कोपमधून (यंत्राच्या आत डोकावण्याच्या नळीसारख्या साधनातून) काय पाहायचे, अशा रोजच्या कामाच्या गोष्टी जवळजवळ नाहीत. देखभालीच्या जागेसाठी मुलाखत देणाऱ्याला नेमके हेच विचारतात.

आता सुरक्षेच्या विभागाकडे येते, कारण या सेवेचे पैसे खऱ्या अर्थाने येथे वसूल होतात. सामान्यतः अशा अभ्यासक्रमांत सुरक्षा म्हणजे शिरस्त्राण, बूट आणि घोषवाक्ये एवढ्यावर आटोपते. येथे घडलेल्या दुर्घटनांच्या चौकशीतून निष्पन्न झालेले तपशील घेऊन उमेदवाराला त्या जागी उभे केले आहे. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या फलाटावर १६७ माणसे मृत्युमुखी पडली. एका कंडेन्सेट (वायूपासून वेगळा झालेला ज्वलनशील द्रव) पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह काढून तपासणीसाठी नेला होता आणि त्या जागी एक झाकण-तबकडी बसवली होती. संध्याकाळी पाळी बदलली. व्हॉल्व्ह काढल्याच्या परमिटची (त्या कामाच्या लेखी परवान्याची) माहिती रात्रपाळीपर्यंत पोहोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा हा पंप वापरण्याजोगा आहे असे समजून तो सुरू करण्यात आला, आणि त्या तबकडीतून वायूची गळती झाली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या. पुढच्या काळात त्या क्षेत्रातील सुरक्षेची रचना त्यांवरच उभी राहिली.

ही हकिगत पुष्कळांना ऐकून माहीत असते. सेवेचे वेगळेपण त्यापुढच्या सरावात आहे. उमेदवाराला दोन परमिटे, पाळीची नोंदवही आणि एक अपुरा आराखडा दिला जातो. पलीकडे प्रशिक्षक रात्रपाळीचा प्रमुख म्हणून बसतो, आणि उमेदवाराने पाच मिनिटांत पाळी सोपवायची असते. प्रशिक्षक मधेच घाई करतो, ‘ते कागद टेबलावर ठेव, मी बघतो’ असे म्हणतो. त्या वेळी उमेदवार थांबतो का, कोणते यंत्र वापरायचे नाही हे तोंडी सांगून समोरच्याकडून पुन्हा वदवून घेतो का, कुलूप आणि फलक प्रत्यक्ष जागेवर आहेत का हे दोघांनी मिळून जाऊन पाहण्याचा आग्रह धरतो का, यावर गुण आहेत. मी अनेक वर्षे परमिटवर काम केले आहे, तरीही हा सराव मला सोपा गेला नाही, आणि त्यानंतर प्रशिक्षकांनी दिलेला अभिप्राय नेमका होता.

२३ मार्च २००५च्या टेक्सास सिटी येथील शुद्धीकरण कारखान्यातील स्फोटाचा सरावही याच धर्तीचा आहे. तेथे संयंत्र सुरू करताना ऊर्ध्वपातन मनोरा प्रमाणाबाहेर भरत गेला, आणि पातळी दाखवणारे उपकरण मात्र पातळी उतरत असल्याचे सांगत राहिले. १५ जणांचा बळी गेला. उमेदवाराला पडद्यावर प्रवाह, दाब आणि पातळी यांचे आकडे दाखवले जातात आणि विचारले जाते : आत द्रव जातो आहे, बाहेर काहीच येत नाही, पातळी कमी होते आहे, यांतील कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवणार नाही? नियंत्रण कक्षातील कामाची याहून चांगली ओळख मला इतर अभ्यासक्रमांत आढळली नाही. त्याच विभागात हायड्रोजन सल्फाइडवरचा छोटा धडा आहे. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास अत्यल्प प्रमाणातही येतो, परंतु दहा लाख भागांत १०० भागांच्या आसपास घ्राणशक्तीच बधिर होते, म्हणून वास थांबणे ही सुटकेची खूण मानायची नसते. हवेहून जड असल्याने तो वायू खड्ड्यांत आणि नाल्यांत साठतो, आणि कोसळलेल्या सहकाऱ्याला वाचवायला श्वसनसाधनाशिवाय धावणारा दुसरा बळी ठरतो. तेल व वायूच्या मुलाखतीत ‘सहकारी खाली पडलेला दिसला तर प्रथम काय कराल?’ हा प्रश्न याच कारणाने येतो, आणि ‘धावत जाईन’ हे उत्तर चुकीचे धरले जाते.

बॅटरी साठवणीची सुरक्षा हा भाग नवा असूनही सेवेने टाळलेला नाही. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात एका बॅटरी-संचात घटक तापत जाऊन ज्वलनशील वायू साठले, आणि दार उघडल्यानंतर झालेल्या स्फोटात अग्निशमन दलाचे जवान जखमी झाले. विझलेली दिसणारी बॅटरी सुरक्षित समजू नये, हा त्यातला मुद्दा. धडा लहान आहे. या शाखेतील वाढती भरती पाहता तो वाढवायला हवा.

सराव मुलाखतींचा अनुभव प्रशिक्षकावर अवलंबून आहे. जे प्रशिक्षक स्वतः संयंत्रावर काम करून आले आहेत, ते उत्तर मधेच अडवतात आणि ‘तुम्ही म्हणजे तुम्ही स्वतः, की तुमच्या पथकाने?’ असे विचारतात. ते ऐकायला बोचते, पण खऱ्या मुलाखतीतही तेच होते. उलट मनुष्यबळ विभागातून आलेल्या प्रशिक्षकांकडून मला देहबोली आणि स्मितहास्य यांवरच बराच उपदेश मिळाला. सुदैवाने प्रशिक्षक निवडण्याची सोय आहे आणि प्रत्येकाचा पूर्वानुभव दिलेला आहे. आरक्षण करण्यापूर्वी तो वाचावा. ‘असुरक्षित वाटलेले काम तुम्ही कधी थांबवले आहे का?’ या प्रश्नाची तयारी येथे विशेष चांगली करून घेतात. काम थांबवण्याचा अधिकार सर्वांना असतो असे प्रत्येक कंपनी सांगते. तो अधिकार वापरल्याचा एक खरा प्रसंग, कोण नाराज झाले आणि पुढे काय ठरले यासह, सांगता येणारे उमेदवार थोडे असतात. नव्या पदवीधराकडे असा प्रसंग नसेल तर त्याने प्रयोगशाळेतील किंवा कार्यशाळेतील सांगावा, रचून सांगू नये, हा सल्लाही येथे स्पष्ट दिला जातो.

प्रमाणपत्रांविषयीचे मार्गदर्शन निम्मे चांगले आहे. पवनऊर्जेसाठी ग्लोबल विंड ऑर्गनायझेशनचे प्राथमिक सुरक्षा प्रशिक्षण लागते; त्यात प्रथमोपचार, वजन हाताळणी, आगीविषयी जागरूकता, उंचीवरील काम आणि समुद्री प्रकल्पांसाठी समुद्रातील बचाव असे भाग असतात, त्याची मुदत २४ महिन्यांची असते, आणि नोंद ‘विंडा’ या मध्यवर्ती नोंदवहीत होते. समुद्रातील तेल-फलाटांसाठी ओपिटो या उद्योगाच्या प्रशिक्षण-संस्थेच्या मान्यतेचे ‘बोसिएट’ हे प्राथमिक सुरक्षा व आपत्कालीन प्रशिक्षण लागते. त्यात पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याचा सराव तलावात करून घेतात, आणि ते चार वर्षे चालते. एवढी माहिती अचूक आणि सुटसुटीत दिली आहे. पण मुदत असलेले प्रमाणपत्र नोकरीची कोणतीही चाहूल नसताना काढून ठेवले तर ते अर्ज करता करताच संपू शकते, आणि अनेक नियोक्ते निवडीनंतर हे प्रशिक्षण स्वखर्चाने देतात, हे महत्त्वाचे वाक्य मात्र सेवेच्या साहित्यात नाही. त्याऐवजी पृष्ठाच्या तळाशी ‘सहयोगी प्रशिक्षण केंद्रा’ची जाहिरात आहे. हे दोन्ही शेजारी पाहिल्यावर वाचकाने काय समजायचे ते समजावे. जाहिरातीत ‘अर्जाच्या वेळी आवश्यक’ असे लिहिले असेल तरच आधी काढावे. अन्यथा मुलाखतीत ‘तातडीने पूर्ण करण्यास तयार आहे’ एवढे सांगणे पुरते.

राहिला नोकरी शोधण्याचा विभाग, ज्याच्या नावावर ही सेवा विकली जाते. त्यातील जाहिराती मुख्यतः मोठ्या ऊर्जा कंपन्यांच्या संकेतस्थळांवरून उचललेल्या आहेत, आणि त्यांपैकी बऱ्याच मी उघडल्या तेव्हा मूळ ठिकाणी बंद झालेल्या होत्या. त्याहून मोठी उणीव अशी की या उद्योगाची भरतीची रचनाच येथे प्रतिबिंबित होत नाही. प्रकल्पाची मालक कंपनी एक, यंत्र बनवणारी दुसरी, उभारणीची कंत्राटदार तिसरी, देखभालीचे कंत्राट चौथीकडे आणि तपासणी पाचवीकडे, असा हा पसारा असतो. प्रत्यक्ष हाताने काम करणाऱ्यांच्या जागा बहुतेक वेळा दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतच्या कंपन्यांत निघतात. मालक कंपनीचे नाव घालून शोधणाऱ्याला त्या दिसतच नाहीत. एकाच कामाला पदनामेही निराळी असतात : सर्व्हिस टेक्निशियन, साइट टेक्निशियन, ओ अँड एम (परिचालन व देखभाल) इंजिनिअर. शिवाय मोठ्या शटडाउनसाठी (संयंत्र बंद ठेवून केल्या जाणाऱ्या देखभालीसाठी) कंत्राटदार कित्येक महिने आधीपासून माणसे जमवतात, आणि तात्पुरत्या कंत्राटावर चांगले काम करणाऱ्याला कायम जागेसाठी बोलावणे हा या उद्योगातला फार जुना मार्ग आहे. या विभागात यांपैकी काहीच सांगितलेले नाही. मला यातील जी माहिती मिळाली ती सराव मुलाखत घेणाऱ्या एका प्रशिक्षकांनी वेळ उरला म्हणून दिली, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून नव्हे.

सभासदत्वाच्या वरच्या श्रेणीत ‘नियुक्तीसाठी प्राधान्य’ या नावाखाली वेगळे शुल्क आकारले जाते. त्या बदल्यात काय मिळते ते मी लेखी विचारले. उत्तरात ‘आमच्या जाळ्यातील नियोक्त्यांपर्यंत तुमची माहिती पोहोचवू’ एवढेच होते. नियोक्त्यांची नावे नाहीत, मुदत नाही, परताव्याची अट नाही. ही श्रेणी मी घेतली नाही आणि कोणी घ्यावी असेही मला वाटत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७च्या १८१व्या करारात खासगी रोजगार संस्थांनी कामगारांकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष शुल्क घेऊ नये असे तत्त्व घातले आहे. सर्व देशांनी तो स्वीकारलेला नाही आणि त्यात अपवादांचीही सोय आहे, पण तत्त्व म्हणून ते मनात ठेवावे. शिकवण्याचे शुल्क आणि नोकरी लावण्याचे शुल्क या वेगळ्या बाबी आहेत. तेल व वायूच्या क्षेत्रात बनावट नियुक्तिपत्रे पाठवून व्हिसा, वैद्यकीय तपासणी किंवा प्रशिक्षण यांच्या नावाखाली आधी पैसे मागणाऱ्यांचा सुळसुळाट इतका आहे की मोठ्या कंपन्या स्वतःच्या संकेतस्थळांवर त्याविरुद्ध इशारे देतात. मुलाखत न घेता आलेले नियुक्तिपत्र, कंपनीच्या अधिकृत पत्त्याऐवजी मोफत ई-मेल सेवेवरून आलेले पत्र, आणि कामाच्या ठिकाणाचा अस्पष्ट उल्लेख, या तीन खुणांवरून बहुतेक फसवणुकी ओळखता येतात. आपल्याच सभासदांना सावध करणारे असे एक पानही या सेवेने ठेवलेले नाही.

तांत्रिक बाजूने संकेतस्थळ ठीक चालते, फोनवरही धडे उतरवून ठेवता येतात, आणि प्रश्न विचारल्यास उत्तर बहुधा दुसऱ्या कामाच्या दिवशी येते. सभासदत्व आपोआप नूतनीकृत होते, आणि ते बंद करण्याची सोय सेटिंगच्या बरीच आत दडलेली आहे. घेतल्या दिवशीच ती शोधून बंद करावी. सराव मुलाखतींची संख्या श्रेणीनुसार ठरलेली असते आणि न वापरलेल्या मुलाखती मुदत संपताच जातात. म्हणून सभासदत्व घेण्याची योग्य वेळ अर्ज पाठवण्यास सुरुवात करतानाची आहे, त्याच्या वर्षभर आधीची नव्हे. मूळ श्रेणी घ्यावी, सुरक्षेचा विभाग आणि आपल्या शाखेचा तांत्रिक विभाग प्रथम पूर्ण करावा, सीव्ही माणसाकडून तपासून घ्यावा, आणि शेवटच्या दोन सराव मुलाखती खऱ्या मुलाखतीचे बोलावणे येईपर्यंत राखून ठेवाव्यात. बोलावणे आल्यानंतर त्या कंपनीच्या शाखेतला प्रशिक्षक दोन दिवसांत मिळू शकतो. माझ्या बाबतीत तो मिळाला, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी स्नेहक तेलाच्या तपासणीविषयीचा एक प्रश्न मुलाखतीत जवळजवळ जसाच्या तसा आला.